असोसिएट डिग्रीतलं उरलेलं गणित: कमी खर्चात, ऑनलाइन आणि ठरवून

अमेरिकेत असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, साधारण ६० क्रेडिटची असते. इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र, संगणक असं करत करत माणूस चाळीस-पन्नास क्रेडिटपर्यंत पोचतो आणि गणिताचे एक-दोन कोर्स मागे राहतात. मग नोकरी, मुलांच्या शाळा, व्हिसाची अनिश्चितता यांत 'पुढच्या सेमिस्टरला बघू' म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. हा लेख अशा अडकलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. लग्नानंतर एच-४ व्हिसावर आलेल्या, भारतात एस. वाय.ला शिक्षण सुटलेल्या, ग्रीन कार्ड मिळाल्यावर पुन्हा शिकायला लागलेल्या, इथेच वाढून मध्येच कॉलेज सोडलेल्या, अशा सगळ्यांसाठी.

बहुतेक जण सुरुवात करतात ती स्वस्त कोर्स शोधण्यापासून. माझा आग्रह नेमका उलटा आहे. कोर्स सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी डिग्री कोण देणार हे ठरवायचं, मग त्या डिग्रीला नेमकं कोणतं गणित लागतं ते शोधायचं, मग त्या कॉलेजचा लेखी होकार घ्यायचा आणि त्यानंतरच पैसे भरायचे. चुकीच्या गणितावर घालवलेलं सेमिस्टर हा या प्रवासातला सगळ्यात महाग खर्च आहे. कोणतीही स्वस्त वेबसाइट तो भरून देत नाही.

पहिली पायरी: डिग्रीला कोणतं गणित लागतं?

'गणित' या एका नावाखाली कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, निदान पाच वेगवेगळे कोर्स असतात: क्वांटिटेटिव्ह रीझनिंग किंवा लिबरल आर्ट्‌स मॅथ, प्राथमिक संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस. हे एकावर एक रचलेले जिने नाहीत. पहिले दोन स्वतंत्र वाटा आहेत. शेवटचे तीन मात्र एकापाठोपाठ येतात.

असोसिएट इन आर्ट्‌स म्हणजे ए. ए. करत असाल तर बहुतेक ठिकाणी तीन क्रेडिटचं एकच गणित लागतं आणि ते लिबरल आर्ट्‌स मॅथ किंवा स्टॅटिस्टिक्स असलं तरी चालतं. नर्सिंगकडे जायचं असेल तर स्टॅटिस्टिक्सला पर्याय नाही असंच समजा. बिझनेसच्या असोसिएट इन सायन्सला म्हणजे ए. एस.ला स्टॅटिस्टिक्सबरोबर कॉलेज अल्जिब्रा, फायनाइट मॅथ किंवा बिझनेस कॅल्क्युलस मागितलं जातं. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग असेल तर कॅल्क्युलस एक आणि दोन, शिवाय डिस्क्रीट मॅथ किंवा लिनिअर अल्जिब्रा. असोसिएट इन अप्लाइड सायन्स या तिसऱ्या प्रकारात गणित सगळ्यात कमी असतं, पण पुढे चार वर्षांच्या डिग्रीला ती क्रेडिट कमी उपयोगी पडतात.

कॉलेजच्या पोर्टलवर 'डिग्री ऑडिट' नावाचं पान असतं. झालेलं आणि उरलेलं सगळं तिथे दिसतं. ते पान उघडा आणि उरलेल्या गणिताच्या ओळीसमोरचा कोर्स क्रमांक वहीत उतरवून घ्या. नावावर विसंबू नका, क्रमांक महत्त्वाचा. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत हे क्रमांक सामाईक आहेत: मॅथ १३१४ म्हणजे कॉलेज अल्जिब्रा, १३४२ म्हणजे स्टॅटिस्टिक्स, १३३२ म्हणजे लिबरल आर्ट्‌सचं गणित, २४१३ म्हणजे कॅल्क्युलस एक. फ्लोरिडातही अशीच राज्यभराची पद्धत आहे. तिथे एमएसी ११०५ म्हणजे कॉलेज अल्जिब्रा आणि एसटीए २०२३ म्हणजे स्टॅटिस्टिक्स. कॅलिफोर्नियात कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या सरकारी विद्यापीठात चालतो ते 'असिस्ट' या संकेतस्थळावर कळतं. न्यू जर्सीत 'एनजे ट्रान्सफर' आहे आणि इतर अनेक राज्यांसाठी 'ट्रान्सफरॉलॉजी'.

असोसिएटनंतर बॅचलर्स करायचं असेल तर दोन कॉलेजांचा विचार आत्ताच करायला हवा. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे काउंटी कॉलेजची ए. ए. किंवा ए. एस. पूर्ण करून सरकारी विद्यापीठात गेलात तर ती क्रेडिट धरली जातात. म्हणून तिथे डिग्री पूर्ण करून जाणं अर्धवट क्रेडिट घेऊन जाण्यापेक्षा फायद्याचं. पण वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या सीएलईपीसारख्या परीक्षेतून मिळवलेलं क्रेडिट पुढचं विद्यापीठ अनेकदा नव्याने तपासतं. पहिल्या कॉलेजने घेतलं म्हणून दुसरं घेईलच असं नाही.

दुसरी पायरी: जवळ असलेलं गणित आधी मोजून घ्या

ही पायरी आपल्या लोकांकडून सर्रास सुटते आणि सगळ्यात जास्त बचत इथेच आहे. भारतात एफ. वाय. बी. एस्सी., एफ. वाय. बी. कॉम., डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालेलं असेल, मग पुढे डिग्री पूर्ण झाली असो वा नसो, त्यातल्या गणिताच्या पेपरांना इथे क्रेडिट मिळू शकतं. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतो. मूल्यांकनात तो स्टॅटिस्टिक्स किंवा बिझनेस मॅथ म्हणून बसला तर तुमची गरज तिथेच संपली.

त्यासाठी डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्थांकडून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. एनएसीईएस या संघटनेची सदस्य असलेली संस्था सहसा चालते, तरी तुमचं कॉलेज कोणाचं मूल्यांकन मानतं ते आधी विचारा. आणि अहवाल 'कोर्स बाय कोर्स' प्रकारचाच मागवा. साध्या अहवालात फक्त डिग्रीची बरोबरी लिहिलेली असते, कॉलेजला विषयवार क्रेडिट द्यायला तो उपयोगी पडत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत नोंद, यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम आजच सुरू करा. मुंबई-पुण्यात राहणारा भाऊ, नणंद, मित्र असं कोणी परीक्षा विभागात जाऊन पाठपुरावा करू शकत असेल तर काम लवकर होतं. जमलं तर त्या वर्षाचा अभ्यासक्रमही मागवून ठेवा. गणिताचा विभागप्रमुख क्रेडिट द्यायचं की नाही हे अनेकदा अभ्यासक्रम वाचून ठरवतो.

बारावीचं काय? बारावीला इथे शालेय शिक्षण धरतात, त्यामुळे तिला थेट क्रेडिट सहसा मिळत नाही. पण बारावी सायन्सला ज्यांनी मर्यादा, विकलन आणि संकलन (लिमिट, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन) केलं आहे, त्यांच्या डोक्यात अमेरिकन कॅल्क्युलस एकचा बराचसा भाग आधीच आहे. ते ज्ञान परीक्षा देऊन क्रेडिटमध्ये बदलता येतं. ते कसं, हे पुढे येईल.

तिसरी पायरी: प्लेसमेंट हलक्यात घेऊ नका

बऱ्याच कॉलेजांत गणिताला बसण्यापूर्वी प्लेसमेंट चाचणी असते, म्हणजे कोणत्या पातळीच्या गणितात बसायचं ते ठरवणारी चाचणी. कॉलेज बोर्डची अ‍ॅक्युप्लेसर किंवा मॅक्ग्रॉ हिलची अ‍ॅलेक्स या दोन जास्त दिसतात. तयारी न करता बसलं की प्री-अल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमीडिएट अल्जिब्रा असे पूर्वतयारीचे कोर्स गळ्यात पडतात. त्यांची फी पूर्ण भरावी लागते, पण डिग्रीच्या ६० क्रेडिटमध्ये ते धरले जात नाहीत. अपूर्णांक, शेकडेवारी, कंस सोडवणं, अवयव पाडणं आणि एकसामयिक समीकरणं यांची दोन-तीन आठवडे उजळणी केली तर एक-दोन सेमिस्टर आणि शेकडो डॉलर वाचतात. एवढ्या कमी कष्टात एवढी बचत या सगळ्या नियोजनात दुसरीकडे कुठेच नाही.

कॅलिफोर्नियात परिस्थिती आणखी सोपी आहे. २०१७ च्या एबी ७०५ आणि २०२२ च्या एबी १७०५ या कायद्यांमुळे तिथली कम्युनिटी कॉलेजं विद्यार्थ्याला थेट डिग्रीच्या पातळीच्या गणितात बसवतात आणि गरज असेल तर त्याच सेमिस्टरला जोडीला आधार-तास देतात. इतर राज्यांतही असा 'कोरिक्विझिट' पर्याय पुष्कळ ठिकाणी आहे. पूर्वतयारीचा कोर्स सुचवला गेला तर 'कोरिक्विझिट आहे का?' हा प्रश्न जरूर विचारा. भारतातली गुणपत्रिका दाखवूनही काही ठिकाणी प्लेसमेंट माफ होते.

उजळणीसाठी खान अकॅडमी पुरेशी आहे. शालेय गणिताचा काही भाग तिथे मराठीतही आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एक छोटी वही करावी: वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम, उतार म्हणजे स्लोप. पहिल्या आठवड्यात अडखळायला होतं ते बहुतेक या शब्दांमुळे. शाब्दिक उदाहरणांत मैल, गॅलन, निकल-डाइम-क्वार्टर अशी नाणी येतात, तीही सवयीची करून घ्या.

चौथी पायरी: स्वस्त वाटा कोणत्या?

*आपलं कम्युनिटी कॉलेज.* बहुतेकांसाठी हीच पहिली निवड असावी असं माझं ठाम मत आहे, कारण इथे क्रेडिट मानलं जाईल का हा प्रश्नच उरत नाही. कॅलिफोर्नियात रहिवाशांसाठी २०१२ पासून दर युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर आहे. म्हणजे चार युनिटचं स्टॅटिस्टिक्स १८४ डॉलरला पडतं आणि वर थोडी किरकोळ फी. तिथल्या 'कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पस'वर राज्यभरातल्या कॉलेजांचे ऑनलाइन वर्ग शोधता येतात, त्यामुळे आपल्या कॉलेजात जागा भरल्या तरी अडत नाही. बाकी देशात दर वेगळे आहेत. सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांची रहिवाशांसाठीची वार्षिक फी २०२४-२५ मध्ये सरासरी सुमारे ४,०५० डॉलर होती.

कळीचा शब्द 'रहिवासी' हा आहे. एच-१बी आणि एच-४ वर असलेल्यांना अनेक राज्यांत रहिवाशाचा दर मिळू शकतो. पण घराचा भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न हे कागद दाखवावे लागतात. प्रवेश अर्जात 'नॉन-रेसिडेंट' अशी नोंद पडली की फी कित्येक पटींनी वाढते, म्हणून ती नोंद सेमिस्टर सुरू होण्यापूर्वीच तपासा. एफ-१ व्हिसावर असाल तर आणखी एक बंधन आहे: पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशोबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे तीन क्रेडिट, धरला जातो. त्यांनी नोंदणीआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलावं. एच-४ ला ही मर्यादा नाही.

*सीएलईपी.* कॉलेज बोर्ड ही परीक्षा १९६७ पासून घेत आहे. वर्गात न बसता दीड तासाची परीक्षा द्यायची आणि क्रेडिट मिळवायचं. फी शंभर डॉलरच्या आसपास, शिवाय परीक्षा केंद्राची वेगळी फी. गणितात चार परीक्षा आहेत: कॉलेज मॅथेमॅटिक्स, कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस. गुण २० ते ८० मध्ये येतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन म्हणजे एसीई ही संस्था ५० गुणांना क्रेडिटची शिफारस करते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. नापास झालात तर त्याच विषयाला पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं. सेमिस्टरच्या तोंडावर परीक्षा ठेवू नये ती याचसाठी.

ही परीक्षा जवळपास फुकटही होऊ शकते. 'मॉडर्न स्टेट्‌स' ही ना-नफा संस्था सीएलईपीच्या तयारीचे ऑनलाइन कोर्स मोफत देते आणि कोर्स व त्यातले सराव प्रश्न पूर्ण केले की परीक्षा-फीचं व्हाउचर देते. स्वतःच्या जिवावर अभ्यास करू शकणाऱ्या माणसाला याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॉलेज मॅथेमॅटिक्स या परीक्षेला सहा क्रेडिटची शिफारस आहे म्हणून लोक तिच्याकडे वळतात. पण ती लिबरल आर्ट्‌सचं गणित आहे. तुमच्या डिग्रीला कॉलेज अल्जिब्रा लागत असेल तर ती क्रेडिट नुसती ऐच्छिक म्हणून पडून राहतील. शिवाय अनेक कॉलेजं सहाऐवजी तीनच देतात. दुसरी गोष्ट म्हणजे सीएलईपीत स्टॅटिस्टिक्स नाही. त्यासाठी डीएसएसटी नावाची वेगळी परीक्षा-मालिका आहे आणि तिच्यात 'प्रिन्सिपल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स' मिळतं. ती घेणारी कॉलेजं सीएलईपीपेक्षा कमी आहेत.

बारावी सायन्सवाल्यांसाठी कॅल्क्युलसची परीक्षा खास बघण्यासारखी आहे. साधारण १० टक्के मर्यादा, ५० टक्के विकलन, ४० टक्के संकलन. पहिले २७ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय, पुढचे १७ कॅल्क्युलेटर घेऊन. आपल्याकडे कॅल्क्युलेटरविना हाताने सोडवण्याची सवय असते, तिचा पहिल्या भागात उपयोग होतो. कमी पडतं ते आलेख वाचण्यात: दिलेल्या आलेखावरून विकलजाचं चिन्ह ओळखणं, फल (फंक्शन) कुठे वाढतंय, कुठे वळतंय ते सांगणं. तिथे मुद्दाम सराव करा. शिफारस चार क्रेडिटची आहे. कॉलेजात हाच कोर्स पूर्ण सेमिस्टर खातो.

*महिनेवारी वर्गणीचे कोर्स.* यात सोफिया लर्निंग सगळ्यात जास्त वापरलं जातं. महिन्याला साधारण ९९ डॉलर, आपल्या वेगाने शिकायचं, एका वेळी दोन कोर्स, ७० टक्क्यांना पास. कॉलेज अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स आणि कॅल्क्युलस एक तिथे आहेत. रोज दोन तास देणारा माणूस एका महिन्याच्या वर्गणीत स्टॅटिस्टिक्स संपवू शकतो. स्टडी डॉट कॉम आणि स्ट्रेटरलाइन हेही याच जातीचे.

पण या कंपन्या कॉलेजं नाहीत. त्यांच्या कोर्सना एसीईची शिफारस असते, आणि शिफारस कोणत्याही कॉलेजवर बंधनकारक नसते. कित्येक कम्युनिटी कॉलेजं ती मानत नाहीत. जिथे मानली जाते तिथे हा मार्ग उत्तम आहे. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि ऑल्बनीची एक्सेल्सिअर युनिव्हर्सिटी या तिन्ही संस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच उभ्या राहिल्या. बाहेरची क्रेडिट घेण्यात त्यांचा हात मोकळा आहे आणि असोसिएट डिग्रीही त्या देतात. तुमच्याकडे तीन-चार कॉलेजांची विखुरलेली क्रेडिट असतील, तर त्यांच्याकडे मूल्यांकन करून घेणं फायद्याचं ठरेल. मात्र अशा ठिकाणी क्रेडिट स्वस्त पडली तरी प्रवेश, त्यांचे स्वतःचे सक्तीचे कोर्स आणि पदवीची फी वेगळी असते. ती बेरीज आधी मांडा.

*विद्यापीठांचे खुले कोर्स.* अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'युनिव्हर्सल लर्नर' कोर्सना सुरुवातीला २५ डॉलर लागतात. शेवटचा ग्रेड बघून पटलं तरच ४०० डॉलर भरून ते क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. कॉलेज अल्जिब्रा आणि प्रीकॅल्क्युलसची भीती वाटणाऱ्यांना मी हा पर्याय आवर्जून सुचवतो. सोफियापेक्षा महाग आहे, पण क्रेडिट नामांकित सरकारी विद्यापीठाचं असतं, त्यामुळे ते स्वीकारलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

कॅल्क्युलस दोन, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स यांना मात्र अगदी स्वस्त वाट जवळपास नाही. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा आणि इलिनॉय विद्यापीठाचा 'नेटमॅथ' विभाग हे कोर्स आपल्या वेगाने ऑनलाइन करू देतात, पण एका कोर्सला हजार डॉलरच्या वर जातात. तुमच्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजात हे वर्ग संध्याकाळी किंवा ऑनलाइन भरत असतील तर तिथेच करा. लहान कॉलेजांत वरचे वर्ग वर्षातून एकदाच निघतात. तेव्हा वेळापत्रक आखताना आधी हे अवघड कोर्स कधी मिळतात ते पाहा आणि सोपे त्यांच्याभोवती बसवा.

पाचवी पायरी: लेखी होकार

फोनवर मिळालेला होकार धरू नका. कॉलेजच्या ईमेलवरून रजिस्ट्रार किंवा ट्रान्सफर विभागाला लिहा आणि उत्तर जपून ठेवा. पत्रात एवढ्या गोष्टी हव्यात: तुमचा विद्यार्थी क्रमांक आणि डिग्रीचं पूर्ण नाव, बाहेर करायच्या कोर्सचं नाव आणि क्रमांक, कोण देतं, किती क्रेडिट. मग चार प्रश्न. हा कोर्स आमच्या अमुक क्रमांकाच्या कोर्सऐवजी चालेल का, की नुसता ऐच्छिक म्हणून धराल? किमान ग्रेड किंवा गुण किती लागतील? माझी स्वतःच्या कॉलेजात करायची किमान क्रेडिट पूर्ण झाली आहेत का? आणि परवानगीचा एखादा फॉर्म आधी भरावा लागतो का?

तिसऱ्या प्रश्नामागे 'रेसिडेन्सी'ची अट आहे. व्हिसा किंवा राज्याच्या रहिवासाशी तिचा संबंध नाही. डिग्री देणाऱ्या कॉलेजात साधारण १५ क्रेडिट किंवा एकूण क्रेडिटचा चौथा हिस्सा करावाच लागतो. ज्यांची सुरुवातीची क्रेडिट दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजची आहेत ते यात हमखास अडकतात. तसं असेल तर गणित बाहेरून स्वस्तात करण्यापेक्षा ते कॉलेजातच केलेलं बरं, एका कोर्समध्ये दोन्ही कामं होतात.

नवीन, न ऐकलेलं ऑनलाइन कॉलेज असेल तर त्याची मान्यता अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 'डापिप' या यादीत शोधा. यादीत नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

सहावी पायरी: खरी बेरीज

फीच्या आकड्यावर थांबू नका. गणिताच्या ऑनलाइन वर्गात गृहपाठासाठी मायलॅब, वेबअसाइन किंवा अ‍ॅलेक्सचा 'अ‍ॅक्सेस कोड' लागतो आणि तो एकटाच शंभर डॉलरच्या घरात जाऊ शकतो. तीन क्रेडिटचा कॅलिफोर्नियातला वर्ग १३८ डॉलरचा. म्हणजे कोडने खर्च जवळजवळ दुप्पट झाला! म्हणून एकाच कोर्सचे वेगवेगळे वर्ग तपासा. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांना पुस्तकाचा खर्च नसलेले वर्ग वेळापत्रकात खूण करून दाखवावे लागतात. इतरत्र 'ओईआर' (मोफत, खुली अभ्याससामग्री) किंवा 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' असं शोधा. असे शिक्षक बहुधा ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं आणि मायओपनमॅथवरचा गृहपाठ वापरतात. ओपनस्टॅक्स ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा उपक्रम आहे. कॉलेज अल्जिब्रा, संख्याशास्त्र, कॅल्क्युलसचे तीन खंड अशी दर्जेदार पुस्तकं तिथे फुकट वाचता येतात. वर्ग कोणताही घेतलात तरी ही पुस्तकं उतरवून ठेवा.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर नवा घेऊ नका. बऱ्याच कॉलेजांच्या ग्रंथालयात तो सेमिस्टरभरासाठी मिळतो आणि कित्येक शिक्षक डेस्मॉस हा मोफत ऑनलाइन कॅल्क्युलेटर चालवून घेतात.

आर्थिक मदतीच्या बाबतीत नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनी फाफसा हा संघीय मदतीचा अर्ज जरूर भरावा. पेल ग्रँट २०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर आहे आणि ती परत करावी लागत नाही. पण भारतातली बॅचलर्स डिग्री पूर्ण झालेली असेल तर पेल मिळत नाही. एच-४ आणि एफ-१ ला ही संघीय मदत नाही. राज्यांच्या योजनाही बघा, पण त्यांनाही बहुधा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं: न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट, मिशिगन आणि टेनेसीत 'रीकनेक्ट', मॅसॅच्युसेट्‌समध्ये २०२४ पासून मोफत कम्युनिटी कॉलेज. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. टॅक्स भरताना 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' विसरू नका. मान्यताप्राप्त कॉलेजला भरलेल्या फीच्या २० टक्के, कमाल २,००० डॉलर, तो मिळू शकतो. एकच कोर्स घेतला असला तरी चालतो, मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे.

सातवी पायरी: वेळ

तीन क्रेडिटच्या कोर्सला सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला नऊ तास धरतात. तोच कोर्स आठ आठवड्यांत घेतला की अठरा तास होतात. नोकरी आणि लहान मुलं असताना आठ आठवड्यांचा अल्जिब्रा घेऊ नका असं मी कळकळीने सांगेन. स्टॅटिस्टिक्स एकवेळ जमेल. कॅल्क्युलस तर नाहीच. उन्हाळी सत्र त्याहूनही दाट असतं आणि नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते.

दोन गणितं उरली असतील तर मध्ये मोठा खंड पडू देऊ नका. कॉलेज अल्जिब्रानंतर लगेच प्रीकॅल्क्युलस घ्या. स्टॅटिस्टिक्सला ही साखळी नाही, ते कधीही करता येतं. पण ते वाचनाचं गणित आहे. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, कस लागतो तो प्रश्न समजून घेण्यात आणि निष्कर्ष इंग्रजी वाक्यात लिहिण्यात. इंग्रजी लिखाणाची धास्ती असणाऱ्यांनी इंग्रजीचा पहिला कोर्स झाल्यावर ते घ्यावं.

तासांची जागा घरातल्यांशी बोलून ठरवा. रात्री सगळं आवरल्यावर गणित होत नाही, निदान रोज होत नाही. पहाटेचा तास, दुपारी मूल झोपलेलं असताना, शनिवारी सकाळी ग्रंथालयात, असं काहीतरी पक्कं हवं आणि त्या वेळेत घरची जबाबदारी दुसऱ्याने घ्यायला हवी. सासू-सासरे भारतातून येऊन राहणार असतील तो काळ यासाठी उपयोगी पडतो.

पहिल्या दोन आठवड्यांत वर्ग झेपत नाही असं वाटलं तर शैक्षणिक दिनदर्शिकेत दोन तारखा शोधा: पूर्ण फी परत मिळण्याची शेवटची तारीख आणि 'डब्ल्यू' (विथड्रॉ केल्याची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची शेवटची तारीख. पहिली फार लवकर येते. डब्ल्यूने ग्रेडची सरासरी बिघडत नाही. आर्थिक मदत घेत असाल तर मात्र फार डब्ल्यू झाल्यावर ती थांबू शकते, कारण घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन-तृतीयांश पूर्ण करण्याची अट असते. शिकवणीसाठी आधी कॉलेजचं मोफत ट्युटरिंग वापरा. फीतून तुम्ही त्याचे पैसे भरलेलेच आहेत.

ऑनलाइन परीक्षांसाठी लॉकडाउन ब्राउझर (परीक्षेत दुसरं काही उघडू न देणारा) किंवा कॅमेऱ्याची देखरेख असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही सॉफ्टवेअर सहसा चालत नाहीत. परीक्षेच्या आठवडाभर आधी सराव-चाचणी उघडून कॅमेरा, इंटरनेट, ओळखपत्र सगळं तपासा. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कोणी येता कामा नये.

निकालानंतर

कोर्स संपला की क्रेडिट आपोआप कॉलेजकडे जात नाही. सीएलईपीला बसताना गुण कोणत्या कॉलेजला पाठवायचे ते निवडता येतं, तेव्हाच निवडा. नंतर पाठवायला वेगळे पैसे पडतात. सोफियासारख्या ठिकाणाहून एसीईच्या नोंदीसह ट्रान्स्क्रिप्ट स्वतः मागवावं लागतं. ते पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डिग्री ऑडिट पुन्हा उघडा. क्रेडिट गणिताच्या ओळीत न पडता ऐच्छिकमध्ये पडलं असेल तर पाचव्या पायरीत जपून ठेवलेला ईमेल जोडून लगेच दुरुस्ती मागा.

आणि पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ६० क्रेडिट भरली म्हणून डिग्री घरी येतेच असं नाही. या अर्जाची मुदत शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते, कधी कधी त्याच्याही आधी. शेवटच्या गणिताची नोंदणी कराल त्याच दिवशी हा अर्जही भरून टाका.